उसाच्या फडातले बिऱ्हाड

सुरत म्हटले की आपल्या जुन्या मराठी घरांतून प्रथम महाराजांच्या १६६४ आणि १६७० सालच्या स्वाऱ्या आठवतात, आणि त्यांच्या पाठोपाठ जेवण आठवते. 'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण' ही म्हण बडोद्याच्या मराठी मुलांनाही परवचाइतकी पाठ असते. पोंक, उंधियो आणि घारी यांची वर्णने याच पानावर कितीदा तरी येऊन गेली असतील. त्यांत मी भर घालीत नाही. मला आज त्या जिल्ह्यातील एका वेगळ्याच रहिवाशाविषयी लिहावयाचे आहे. तो पक्का मांसाहारी आहे, दिवसा झोपतो, रात्री फिरतो, आणि त्याचे बिऱ्हाड उसाच्या फडात आहे. गुजरातीत त्याला 'दीपडो' म्हणतात. आपण त्याला बिबळ्या किंवा बिबट्या म्हणतो.

आमच्या घरातील दोन पिढ्यांनी गायकवाड सरकारच्या नवसारी प्रांतात नोकरी केली. आजोबा व्यारे महालात कारकून होते. सोनगडचा किल्ला म्हणजे गायकवाडांचे मूळ ठाणे. त्याच्या पलीकडे डांगचे रान सुरू होते. आजोबांच्या गोष्टींतले वाघ-बिबळे सगळे त्या रानात राहणारे. पश्चिमेकडे बारडोली, पलसाणे, कामरेज ही सपाट, काळ्या जमिनीची, कापूस-जोंधळ्याची गावे. तिकडे श्वापदाचे काय काम? 'रान संपले की जनावर संपले' असे ते म्हणत आणि आम्हीही तेच धरून चाललो होतो. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, प्रांताची दप्तरे सुरतेस गेली, पुढे २००७ साली व्यारा-सोनगड हा भाग सुरतेतून निघून त्याचा तापी जिल्हा झाला. नकाशावरच्या रेघा अशा सारख्या बदलत राहिल्या. त्यांच्याबरोबर शेतेही बदलली, आणि बिबळ्याने आपला पत्ता बदलला तो या शेतांमुळे.

ऊस आला, आडोसा आला

पन्नाशीच्या दशकात तापी नदीवर काकरापारचा बंधारा झाला, १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाले. कालव्यांचे पाणी बारडोली, कामरेज, मांडवी, महुवा या भागांत खेळू लागले. पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून सहकारी साखर कारखाने आले. बारडोली, मढी, चलथाण, सायण ही नावे उसाच्या बाजारात आज सर्वांना ठाऊक आहेत. जेथे जोंधळा चार महिने उभा राही तेथे ऊस वर्ष-वर्ष उभा राहू लागला.

वर्षभर हालत नाही असा पुरुषभर उंचीचा हिरवा पडदा, त्यात गारवा, पाटाला पाणी, आणि बांधापलीकडे गावातली कुत्री, शेळ्या, डुकरे. बिबळ्याला याहून अधिक काय हवे? वाघाप्रमाणे त्याला मोठे रान आणि मोठे भक्ष्य लागत नाही. घुशीपासून वासरापर्यंत जे मिळेल त्यावर तो भागवतो. आपल्यापैकी जी माणसे मुंबईच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत संसार करून आली, त्यांना त्याचा स्वभाव चटकन समजेल.

गुजरात सरकारच्या मोजणीत २०१६ साली राज्यात १,३९५ बिबळे होते. २०२३ साली ते २,२७४ झाले. त्यांतले पुष्कळ सौराष्ट्रातले आहेत हे खरे, पण दक्षिण गुजरातचा ऊसपट्टाही त्यात आला. आता मनात प्रश्न असा येतो की, जे जनावर दिवसा दिसत नाही आणि रात्री दिसले तर माणूस मोजण्याच्या मनःस्थितीत राहत नाही, ते मोजले कसे?

ठशापासून ठिपक्यापर्यंत

आपल्या लहानपणीची पद्धत पावलांच्या ठशांची होती. ओल्या मातीतला ठसा काचेवर उतरवून घ्यायचा किंवा त्यात प्लॅस्टर ओतून साचा काढायचा. १९६६ च्या सुमारास ओरिसातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी या ठशांवरून वाघांची शिरगणती करण्याची रीत बसवली आणि पुढे कित्येक वर्षे देशभर तीच चालली. अनुभवी माणसाला ठशावरून पुष्कळ कळते, यात शंका नाही. परंतु एकाच वाघाचा पाय वाळूत मोठा उमटतो, चिखलात आणखी मोठा उमटतो आणि कडक मातीत उमटतच नाही. मोजणाऱ्याच्या नजरेवर सगळा भरवसा.

छायाचित्रांची कल्पनाही नवी नाही. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाच्या इंग्रज वनाधिकाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात वाटेवर तार ताणून ठेवली होती. वाघाचा पाय तारेला लागला की दिव्याचा झगझगाट होऊन वाघ स्वतःच आपले चित्र काढी. आजचा 'कॅमेरा ट्रॅप' त्याच कुळातला. फक्त तार गेली. हाताच्या पंजाएवढ्या पेटीत एक संवेदक असतो. सभोवतीच्या हवेहून वेगळ्या उष्णतेचे काही समोरून सरकले की तो जागा होतो आणि चित्र निघते. रात्री वापरायचा प्रकाश असा की जनावर फारसे बिचकत नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर अशा दोन पेट्या झाडाला किंवा खांबाला बांधतात, म्हणजे डावी कूस आणि उजवी कूस दोन्ही मिळतात.

कूस कशाला, तर ठिपक्यांसाठी. खंडेराव महाराजांच्या काळी बडोद्यास काळविटांच्या शिकारीकरिता चित्ते पाळीत, त्या चित्त्याच्या अंगावर शाईचे भरीव थेंब. बिबळ्याच्या अंगावर मात्र पोकळ फुले असतात, आणि त्या फुलांची मांडणी दोन बिबळ्यांत सारखी नसते. तुमच्या-आमच्या अंगठ्याच्या ठशासारखीच ही गोष्ट आहे. एकदा चित्र मिळाले की तो इसम ओळखीचा झाला.

पण सगळ्यांचीच चित्रे निघाली हे कशावरून? येथे गणित मदतीस येते. सूरसागर तलावात मासे किती हे तलाव न उपसता सांगायचे आहे असे समजा. आज पन्नास मासे पकडले, प्रत्येकाच्या शेपटीला खूण केली, सोडून दिले. आठ दिवसांनी चाळीस पकडले. त्यांत दहा खुणेचे निघाले. म्हणजे चाळिसांत चौथा हिस्सा खुणेचा. तर तलावातलाही साधारण चौथा हिस्सा खुणेचा असणार, आणि एकूण मासे दोनशेच्या घरात. बिबळ्याला खूण निसर्गानेच करून ठेवली आहे. उल्हास कारंथ यांनी कर्नाटकात नागरहोळेच्या वाघांवर १९९० नंतरच्या वर्षांत ही रीत बसवली. पण तिचा खरा चमत्कार दिसला तो जंगलाबाहेर, शेतात. आणि तोही आपल्या मराठी मुलखात.

अकोल्याचा धडा

सुरतेच्या उसाचे कोडे उलगडायचे तर म्हणून प्रथम अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यास जावे लागते. पाऊस कमी, पण प्रवरेचे पाणी. ऊस, टोमॅटो, भाजीपाला. आणि चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे. रान नाही, हरणे नाहीत. येथे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेताच्या वाटांवर कॅमेरे लावले. त्यांचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे ४.८ प्रौढ बिबळे आणि सुमारे ५ प्रौढ तरस. मोजून दहा मोठी हिंस्र जनावरे, आणि त्यांच्या भोवती तीस हजारांहून अधिक माणसे! संरक्षित अरण्यातही लाज वाटू नये असा हा हिशेब, आणि तो निघाला टोमॅटोच्या वाफ्यांतून.

मग ती खातात काय? त्याच तालुक्यात बिबळ्यांच्या विष्ठेतील केसांवरून हेही तपासण्यात आले. भक्ष्याच्या वजनापैकी ८७ टक्के पाळीव प्राण्यांचे होते, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या गावात कुत्र्यांच्या कित्येक पट, पण त्यांचा वाटा केवळ ११ टक्के, कारण शेळी रात्री गोठ्यात बांधलेली असते आणि कुत्रे मोकळे असते. 'बंद दार' या साध्या वस्तूचे महत्त्व सांगणारा याहून चांगला आकडा मला ठाऊक नाही.

यानंतर गळपट्टे आले. उपग्रहाकडून आपली जागा समजून घेऊन ती ठराविक वेळाने कळवणारा पट्टा बिबळ्याच्या गळ्यात घालतात. त्याचे वजन जनावराच्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांहून अधिक होऊ द्यायचे नाही, अशी शिस्त असते. महाराष्ट्रातील चार आणि हिमाचल प्रदेशातील एक अशा पाच बिबळ्यांचा हा वृत्तांत २०१४ साली छापून आला. पकडल्या जागेजवळच सोडलेल्या तिघांची वतने अवघ्या ८, ११ आणि १५ चौरस किलोमीटरची निघाली. रात्री ते तासाला सरासरी ३३९ मीटर चालत, दिवसा ६० मीटर. म्हणजे दिवसा जवळजवळ बसूनच. आणि दाट वस्तीत राहणाऱ्यांच्या रात्रीच्या नोंदींपैकी २० टक्के नोंदी घरापासून २५ मीटरच्या आत होत्या. दिवसा ते प्रमाण एक टक्क्याहून कमी. आपण दिवा मालवून अंथरुणावर पडतो तेव्हा पडवीच्या टोकाशी तो उभा असतो, आणि आपण सकाळी उठण्याच्या आत निघून जातो. इतक्या वर्षांत बहुतेकांना त्याचा पत्ता लागला नाही, यावरून त्याची वृत्ती ओळखावी.

उरलेल्या दोघांपैकी एकाची कथा मराठी वाचकांना माहीत आहे. २००९ साली टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला हा वयस्कर नर माळशेज घाटात सोडला. नाव पडले 'आजोबा'. तो तेथे राहिला नाही. ३७ दिवसांत सरळ रेषेत मोजले तरी ८९ किलोमीटर चालून, रेल्वेमार्ग आणि हमरस्ते ओलांडून तो मुंबईच्या बोरिवलीच्या जंगलात पोचला. २०११ च्या अखेरीस रस्त्यावर वाहनाची धडक बसून तो मेला, आणि तो 'आजोबा'च होय हे त्याच्या कातडीखाली बसवलेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपेवरून कळले. २०१४ साली त्याच्यावर सुजय डहाके यांनी चित्रपटही काढला. एका बिबळ्याचे चरित्र पडद्यावर यावे, हा मान पूर्वी फक्त नरभक्षकांना मिळत असे.

पिंजऱ्याचा भ्रम

या नोंदींनी एक जुना समज उखडून टाकला. गावात बिबळ्या दिसला की पिंजरा लावा, पकडा, दूर रानात सोडा, हा उपाय सर्वांनाच पटतो. मलाही तो पटत असे. जुन्नरच्या वनविभागात अशा रीतीने एकोणतीस बिबळे सरासरी चाळीस किलोमीटरवरच्या रानात नेऊन सोडण्यात आले. त्यापूर्वी तेथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. सोडण्याचा कार्यक्रम सुरू झाल्यावर ते सरासरी १७ झाले, आणि हल्ल्यांतील मृत्यूंचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. २०११ साली हा अभ्यास जगापुढे आला.

कारण समजण्यास कठीण नाही. आपल्या वतनातला बिबळ्या गल्ली ओळखतो, कुत्री कोठे झोपतात हे ओळखतो, माणसे कोणत्या वेळी पाणी पाजण्यास येतात हे ओळखतो, आणि त्याप्रमाणे वाट चुकवतो. त्याला उचलून परक्या मुलखात टाकले की तो घाबरलेला, चिडलेला उपरा होतो. इकडे रिकामी झालेली जागा आठ-पंधरा दिवसांत दुसरा तरुण बिबळ्या व्यापतो, आणि त्याला गावच्या रीती ठाऊक नसतात. एका ठिकाणच्या जुन्या भाडेकरूला काढून दोन ठिकाणी नवे भाडेकरू आणल्यासारखे हे होते.

आता जुन्नरकडे जे घडत आहे ते काही सुखाचे नाही. २०२५ च्या पावसाळ्यानंतर पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात लहान मुले बिबळ्याला बळी पडली आणि लोक रस्त्यावर आले. ज्याच्या घरातले मूल गेले त्याला सरासरीचे आकडे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. यंत्रांनी बिबळ्याचा स्वभाव समजला, म्हणजे त्याचा जबडा बोथट झाला असे नव्हे. म्हणूनच या यंत्रांचा उपयोग कोणाला होतो, हा प्रश्न मला त्यांच्या कौतुकाहून मोठा वाटतो.

फडातली दुसरी बिऱ्हाडे

गेल्या हिवाळ्यात मांडवी तालुक्यात माझ्या आतेभावाकडे चार दिवस राहिलो. त्याचा अडीच एकर ऊस आहे. ऊसतोड सुरू होती. त्या भागात ऊस तोडताना बिबळ्याची पिल्ले सापडणे हे आता नवलाचे राहिलेले नाही, कारण मादी उसातच वीण घालते आणि ऊस तुटला की तिचे घर उघडे पडते. पूर्वी लोक पिल्ले उचलून आणीत, आणि मग आई चवताळून गावाभोवती फिरे. आता रीत बदलली आहे. काम थांबवतात, वनखात्याला कळवतात. पिल्ले त्याच जागी टोपलीत किंवा खोक्यात ठेवतात, समोर कॅमेरा लावतात आणि माणसे लांब जातात. जुन्नरच्या बाजूलाही असेच करतात.

तेथल्या एका तरुण स्वयंसेवकाने मला आपल्या मोबाईलवर अशी चित्रमालिका दाखवली. 'काका, हे पाहा' म्हणून तो एकेक चित्र सरकवीत होता. पहिल्यात नुसते खोके आणि तुटलेल्या उसाची धसकटे. दुसऱ्यात कडेला दोन डोळे. तिसऱ्यात मादी खोक्यापाशी, मान खाली. चौथ्यात तिच्या तोंडात पिल्लू, मानेच्या कातडीला धरलेले, चारी पाय लोंबते. मग पुन्हा रिकामे खोके, आणि काही वेळाने ती परत आलेली, दुसऱ्याकरिता. माझ्याबरोबर आतेभावाची सून पाहत होती. ती इतकेच म्हणाली, 'हिलाही दोन खेपा कराव्या लागतात.' ज्या घरात एका कडेवर एक आणि बोटाला एक अशी मुले असतात, तेथे याहून अधिक भाष्य लागत नाही.

त्याच शेताच्या कडेला दुसरी बिऱ्हाडे होती. दक्षिण गुजरातच्या ऊसतोडीस दिवाळीनंतर डांग, तापी, आणि आपल्या नंदुरबार-धुळ्याकडून हजारो माणसे येतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसाचे नाव हत्यारावरून पडते. बांबूच्या कामट्या, वर प्लॅस्टिकचा कागद, दार नाही. बारडोलीच्या या तोडकऱ्यांवर यान ब्रेमन या डच अभ्यासकाने १९७८ साली लिहिले होते. कारखाने मोठे झाले, पण झोपडीचे वर्णन आजही फारसे खोटे ठरणार नाही. पहाटे अंधारात तोड सुरू होते. मुले कागदाखाली किंवा उघड्यावर झोपलेली असतात. शौचाला ऊसच. ओणवे बसलेले माणूस बिबळ्याला कमी उंचीचे, म्हणजे भक्ष्यासारखे दिसते, हे कोणीही जाणकार सांगेल.

नंदुरबारकडची एक बाई शेकोटीशी भाकरी भाजीत होती. मी मराठी बोलतो म्हटल्यावर तिला बरे वाटले. तिची बोली खानदेशी. मी तिचे म्हणणे आपल्या भाषेत देतो. मी मोठ्या उत्साहाने तिला गळपट्ट्यांची हकिकत सांगितली. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, 'दादा, पट्टा घातला की बिबळ्या कुठे आहे ते साहेबाला कळतं. माझी पोरं कुठे झोपलीत ते बिबळ्याला कळतं. मला काय कळतं?'

मला उत्तर सुचले नाही. ती भाकरी उलटण्यात गुंतली.

बातमी कोणापर्यंत?

तिच्या प्रश्नाला उत्तर नाही असे नाही. ते तामिळनाडूत, अनमलै डोंगरातल्या वालपारै येथे मिळते. तेथे चहाचे मळे आहेत आणि मळ्यांतून हत्ती जातात. आनंद कुमार आणि त्यांचे सहकारी तेथे वर्षानुवर्षे हत्तींच्या वाटांची नोंद ठेवीत होते. लोक मरत ते बहुतेक अंधारात, हत्ती समोर आहे हे ठाऊक नसल्यामुळे, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा २०११ पासून त्यांनी नोंदी दप्तरात न ठेवता संध्याकाळी लोकांच्या मोबाईलवर संदेश म्हणून धाडावयास सुरुवात केली. स्थानिक दूरचित्रवाणीवर पट्टी सरकू लागली. मोक्याच्या जागी मोबाईलवरून पेटवता येणारे लाल दिवे बसवले. दिवा लाल म्हणजे हत्ती जवळपास आहे, जरा थांबा. आणि हे दिवे पेटवण्याचे काम बरेचसे मळ्यातल्या लोकांनीच अंगावर घेतले. मृत्यू घटले. जे यंत्र मोजण्याकरिता होते ते माणसांना सावध करू लागले.

बिबळ्या हत्तीएवढा मोठा नाही, आणि कळपानेही हिंडत नाही. त्याची वार्ता देणे कठीण हे मान्य. परंतु उसाच्या बाबतीत एक सोय अशी आहे की ती चहाच्या मळ्यातही नाही. कोणता ऊस कोणत्या तारखेस तुटणार हे कारखान्याच्या तोडणीच्या कार्यक्रमात आधीपासून लिहिलेले असते. कॅमेऱ्यात मादी कोणत्या शिवारात दिसली हेही कोणाच्या तरी संगणकात असते. या दोन वह्या एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या, तर उद्या पहाटे ज्या फडात कोयता पडणार तेथे पिल्लांचा संभव आहे की नाही, हे मुकादमाला आदल्या संध्याकाळी सांगता येईल. त्याला नवे यंत्र लागत नाही.

दुसरी गोष्ट विजेची. शेतकरी रात्री पाणी पाजण्यास जातो तो हौसेने नव्हे; पंपाची वीज रात्री येते म्हणून जातो. गुजरातेत ऑक्टोबर २०२० मध्ये किसान सूर्योदय योजना निघाली, पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंतच्या वेळात शेतीला वीज देण्यासाठी. ती योजना निघाली ती शेतकऱ्याच्या सोयीकरिता. पण ज्या रात्री माणूस बांधावर नसतो त्या रात्री बिबळ्याची व त्याची गाठही पडत नाही. कधी कधी वन्यजीवांचे सर्वांत मोठे काम वीजमंडळाच्या वेळापत्रकात होऊन जाते.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे, पण लिहिली पाहिजे. कॅमेरा फक्त बिबळ्याचे चित्र काढीत नाही. समोरून जे उष्ण आणि चालते आहे त्या सर्वांचे काढतो. केंब्रिज विद्यापीठातील त्रिशांत सिमलाई यांनी कॉर्बेटच्या जंगलात अभ्यास करून २०२४ साली दाखवून दिले, की वाघांकरिता लावलेल्या पेट्यांत जंगलात जाणाऱ्या स्त्रियांची चित्रे निघत, आणि त्यामुळे त्या स्त्रिया बावरल्या, गाणी-गप्पा थांबवून गुपचूप जाऊ लागल्या. जंगलात आवाज न करता चालणे हे तर जनावराशी अचानक गाठ पडण्याचे मुख्य कारण. शेतात, जेथे बायका अंधारात आडोसा शोधीत येतात, तेथे कॅमेरा कोठे बांधावा हे त्या बायकांना विचारूनच ठरले पाहिजे. आणि त्यांच्याकरिता दाराचे शौचकूप बांधले, तर एका खर्चात लाजही राखली जाईल आणि जीवही.

वाघदेवाची सीमा

सुरतेच्या पूर्वेकडचे चौधरी, गामीत, वसावा, कुंकणा हे लोक वाघबारशीला, म्हणजे आपल्या वसुबारशीच्या दिवशी, वाघदेवाची पूजा करतात. गावाच्या शिवेवर लाकडी खांब रोवलेला असतो. त्यावर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले. आपल्याकडे गाय-वासराला नैवेद्य दाखवतात, तिकडे त्याच दिवशी गुरे खाणाऱ्याला. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ही मोठी विसंगती वाटली होती. विचार केल्यावर कळते, की दोन्ही पूजा गोठ्याच्याच आहेत. तिकडच्या लोकांनी एवढेच मान्य केले आहे की गोठ्याबाहेर आणखी कोणी राहतो, त्याची आणि आपली एक शीव आहे, आणि ती दोघांनीही पाळावयाची आहे.

गळपट्टा, चिप आणि कॅमेरा यांनी तोच खांब नव्या रीतीने रोवला आहे. बिबळ्याचे वतन कोठून कोठवर, त्याची वेळ कोणती, तो काय खातो, हे आता अंदाजाने बोलण्याचे कारण उरले नाही. उसातला बिबळ्या वाट चुकून आलेला नाही. तो तेथेच जन्मला आहे आणि कदाचित त्याची आजीही तेथेच जन्मली असेल. आजोबांचे 'रान संपले की जनावर संपले' हे वाक्य त्यांच्या काळी खरे असेल. आज त्याचा आधार घेऊन धोरण आखले, तर पिंजरे तेवढे वाढतील.

जुन्या दरबारांच्या शिकारखान्यांत जनावराची नोंद होई ती मेल्यावर. लांबी किती, वजन किती, गोळी कोणाची. आज त्याची नोंद जिवंतपणी होते, त्याच्या ठिपक्यांवरून त्याला ओळखतात, हे मी मोठे सुधारणेचे लक्षण समजतो. परंतु त्याच फडात, त्याच चार महिन्यांत, कागदाच्या छपराखाली आणखी एक कुटुंब राहते, आणि त्याचे नाव 'कोयता' असे एकवचनी लिहिले जाते. बिबळ्याची संख्या आपल्याला दशांश चिन्हापर्यंत माहीत आहे. त्या फडाच्या कडेला या हंगामात किती मुले झोपतात, हा आकडा कोणत्या वहीत आहे, ते ज्या मंडळींचे ऊसपट्ट्यात शेत आहे, कारखान्यात भागभांडवल आहे, त्यांनी जरूर विचारावे. आपल्या वाचकांत अशी घरे थोडी नाहीत.

दिवाळीनंतर पुन्हा तोड सुरू होईल. त्याआधी चार भिंतींची एक निवाऱ्याची खोली, एक दिवा, आणि मुकादमाच्या मोबाईलवर संध्याकाळी येणारा एक संदेश, एवढे झाले तरी त्या खानदेशी बाईला देण्यासारखे उत्तर आपल्यापाशी असेल.